नोकरी सोडून गेलेल्यांचे मेल आयडी बंद कसे करायचे? स्वतःचा सर्व्हर, पोस्टफिक्स + डव्हकॉट

जीआयडीसी_आयटी
नमस्कार मंडळी. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मशीन पार्ट्सच्या एका कंपनीत आहे, प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं एकट्याकडेच, आणि आता आधीचे भाई सोडून गेले म्हणून मेल सर्व्हर पण माझ्याच गळ्यात आलाय. उबंटू २२.०४, मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स, मेलबॉक्स आणि लॉगिन सांभाळणारा डव्हकॉट, आयडींची यादी ठेवायला मारियाडीबी डेटाबेस, वर आयडी बनवायचं वेब पॅनेल पोस्टफिक्सॲडमिन आणि ब्राउझरमधून मेल बघायला राउंडक्यूब. सर्व्हर चालतोय बरा, तक्रार नाही. पण आत डोकावलं तर आयडी १४३ आणि ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी माणसं धरून-पकडून साठ-पासष्ट. बाकीचे कोण? काही सोडून गेलेले, काही नुसते "टेस्ट", "टेस्ट टू", काही अशा नावांचे की एचआरला पण माहीत नाही हे कधी इथे होते. सेल्स, पर्चेस, डिस्पॅच असे आयडी वेगळेच, त्यांचा एकच पासवर्ड अख्ख्या डिपार्टमेंटला पाठ, आणि तो एका एक्सेल शीटमध्ये पण आहे, ती शीट शेअर्ड ड्राइव्हवर, कोणीही उघडावी.

डिस्क ९१ टक्के भरलीय. शेठना म्हटलं जुने आयडी उडवतो, तर म्हणाले काही एक डिलीट करायचं नाही, जुन्या पार्टीची मेल कधी पण येते. मुद्दा त्यांचा चुकीचा नाही, दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांची चौकशी खरंच अशा माणसाच्या आयडीवर येते जो कधीचाच हलोलच्या कंपनीत गेला.

आता प्रश्न: कुठले आयडी मेलेत हे कळायचं कसं, बंद करायचे म्हणजे पोस्टफिक्सॲडमिनमध्ये नुसता ॲक्टिव्हचा टिक काढला तर पुरे का, आणि त्या सेल्स-पर्चेसच्या एका पासवर्डचं काय करायचं. सर्व्हर बदला, क्लाउडवर जा हे सांगू नका प्लीज, ते बजेट पास व्हायचं नाही.

तात्या_दांडियाबाजार
टिक काढायची घाई करू नका भाऊ, आधी हे वाचा.

आपण "आयडी" म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबतो. एक लॉगिन, म्हणजे कोण आत येऊ शकतं. दुसरा मेलबॉक्स, म्हणजे डिस्कवरचा तो मेलडिरचा फोल्डर ज्यात जुनी मेल पडलीय. तिसरा पत्ता, जो बाहेरच्या जगाला माहीत आहे, व्हिजिटिंग कार्डावर छापलाय, पार्टीच्या ॲड्रेसबुकात आहे. माणूस गेला की लॉगिन त्याच दिवशी बंद व्हायला पाहिजे, खरं तर त्याच तासाला. मेलबॉक्स राहू दे, त्याची घाई नाही. आणि पत्ता तर सगळ्यात शेवटी मरायचा, कधी कधी कधीच नाही. शेठ म्हणतात ते पत्त्याबद्दल, तुम्ही म्हणताय ते लॉगिन आणि डिस्कबद्दल. दोघं बरोबर आहात.

आता तो टिक. पोस्टफिक्स मेल कुठे टाकायची हे डेटाबेसला विचारतो, आणि पोस्टफिक्सॲडमिनबरोबर जी क्वेरी सगळे वापरतात तिच्यात शेवटी "ॲक्टिव्ह बरोबर एक" अशी अट असते. टिक काढला की लॉगिन बंद होतं हे खरं, पण त्याबरोबर पोस्टफिक्सला तो पत्ताच सापडेनासा होतो आणि पाठवणाऱ्याला "यूजर अननोन" म्हणून मेल परत जाते. म्हणजे शेठ ज्याला घाबरतायत नेमकं तेच.

म्हणून माझी पद्धत अशी. टिक तसाच ठेवायचा. पासवर्ड बदलून लांबलचक रँडम काहीतरी टाकायचा जो कुठे लिहून पण ठेवायचा नाही. मग एलियसमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्याची मेल कुठे टाकायची त्या यादीत, जाऊन त्या पत्त्याच्या पुढे जो आता ते काम बघतो त्याचा पत्ता जोडायचा, मूळ पत्ता पण राहू द्यायचा, म्हणजे दोन्हीकडे मेल पडते. मूळ मेलबॉक्स का ठेवायचा, तर त्यावर सीव्हचा (मेल आल्यावर चालणाऱ्या नियमांची स्क्रिप्ट) व्हेकेशन रिप्लाय, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, लावता येतो की अमुक आता कंपनीत नाहीत, कामासाठी पर्चेसला लिहा. मेल त्या मेलबॉक्सात पडलीच नाही तर तो रिप्लाय जातच नाही, हे खूप जण विसरतात. व्हेकेशन एका माणसाला डिफॉल्टने सात दिवसांत एकदाच उत्तर पाठवतो त्यामुळे पार्टी वैतागणार नाही.

आणि पासवर्ड बदलला म्हणजे झालं असं नाही. ज्या फोनवर आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) आधीच जोडलेलं आहे ते कनेक्शन चालूच राहतं, नवीन पासवर्ड त्याला कोणी विचारतच नाही. डव्हकॉटची कमांड "डव्हॲडम हू" टाकून बघा कोण कोण बसलंय आणि "डव्हॲडम किक" त्या यूजरला. ऑथ कॅश, म्हणजे तपासलेले पासवर्ड थोडा वेळ लक्षात ठेवणारा, चालू केलेला असेल तर तो पण फ्लश करा, नाहीतर जुना पासवर्ड कॅश संपेपर्यंत चालतो. मोबाईलवर मराठी कीबोर्डच आहे म्हणून कमांड अशा लिहितोय, समजून घ्या.

जीआयडीसी_आयटी
तात्या, हे तीन वेगळे करून सांगितलंत म्हणून डोक्यात बसलं. पण आधी मेलेले ओळखायचे कसे? लॉग बघितला तर भलत्याच आयडींवर पण लॉगिन दिसतंय. उदाहरणार्थ एक डिझाईनवाला गेल्या वर्षी सोडून गेला, त्याच्या आयडीवर रोज लॉगिन आहे.

तात्या_दांडियाबाजार
तो आयपी बघा कुठला आहे. मोबाईल कंपनीचा असेल तर त्याच्या फोनमध्ये तुमचा आयडी अजून बसलेला आहे आणि दर काही मिनिटांनी सिंक होतोय. त्या माणसाच्या मनात काही नसेल पण, फोनमधून काढायचा राहिला असेल. तरी तुमची ड्रॉइंग आणि कोटेशन त्याच्या खिशात जातायत ना. हा आयडी आजच करा, बाकीचे उद्या.

ऑफिसमधला आयपी असेल तर कुठल्यातरी कोपऱ्यातल्या पीसीवर आउटलुक उघडं असेल ज्यात जुन्या माणसाचं प्रोफाइल तसंच आहे. म्हणून फक्त शेवटचं लॉगिन बघून ठरवू नका, ते दोन्ही बाजूंनी फसवतं.

मी उलटं बघतो. मेलडिरमध्ये प्रत्येकाच्या इनबॉक्सला "न्यू" आणि "कर" (करंटमधला कर) असे दोन फोल्डर असतात. मेल आली की "न्यू" मध्ये पडते, आणि कुठल्याही क्लायंटने तो इनबॉक्स उघडला की डव्हकॉट ती उचलून "कर" मध्ये टाकतो. तर ज्याच्या "न्यू" मध्ये महिनोन् महिने जुन्या फाइली साठल्यात, तो इनबॉक्स तेव्हापासून कोणी उघडलेलाच नाही. एक छोटी फाइंड कमांड मारा, साठ दिवसांपेक्षा जुनी फाइल कोणाच्या "न्यू" मध्ये आहे, पाच मिनिटांत यादी तयार. यापुढे नीट नोंद पाहिजे असेल तर डव्हकॉटचं लास्ट लॉगिन प्लगिन लावा, डेटाबेसमध्ये तारीख टाकत जातं.

आणि डिस्कसाठी एक गंमत सांगतो. पोस्टफिक्सॲडमिनमधून मेलबॉक्स डिलीट केला तरी डिस्कवरचा फोल्डर मुद्दाम स्क्रिप्ट लावल्याशिवाय जात नाही. आधीच्या भाईंनी जे काही डिलीट केलं असेल ते सगळं तिथेच पडलेलं असणार. मेलडिरच्या मुख्य फोल्डरमधली नावं आणि डेटाबेसमधली नावं समोरासमोर ठेवा, जे डिस्कवर आहे पण डेटाबेसमध्ये नाही ते आधी बघा. कोणाच्या मेलला हात न लावता जागा मोकळी होऊ शकते.

रावपुरावाली
मी आयटीची नाही, अकाउंट्स आणि एचआर दोन्हीकडे माझं टेबल आहे, पण हे वाचून राहवलं नाही. आयडी बंद करायच्या आधी एक गोष्ट विचारा हो, त्या आयडीवर बाहेर कुठे कुठे रजिस्ट्रेशन आहे. जीएसटी पोर्टलवर ऑथराइज्ड सिग्नेटरीचा ईमेल असतो, ओटीपी त्या मेलवर आणि मोबाईलवर येतो. बँकेचं नेटबँकिंग, इन्कम टॅक्स, पीएफ, टॅलीचं लायसन्स पण मेल आयडीशी बांधलेलं असतं, आणि सगळ्यात भारी म्हणजे तुमचं स्वतःचं डोमेन ज्याच्याकडून घेतलंय तिथलं लॉगिन. आमच्या ओळखीत एका ठिकाणी डोमेन रिन्यूची नोटीस कुठल्या बंद आयडीवर जात होती कोणाला माहीत नाही, डोमेन संपलं तेव्हा मेलच बंद.

म्हणून आमच्याकडे आता असं ठरलंय की सरकारी आणि बँकेची कुठलीही नोंदणी माणसाच्या नावाच्या आयडीवर करायचीच नाही, हुद्द्याचा आयडी करायचा, अकाउंट्स, कंप्लायन्स असा, माणूस बदलला तरी तो बदलत नाही. आणि रिझाइन लेटर आलं की शेवटच्या दिवशी नाही, नोटीस पिरियडमध्येच बसून त्याच्याकडून यादी काढून घ्यायची. माणूस समोर असतो तोपर्यंत ओटीपी मिळतो, गेल्यावर फोन उचलत नाहीत लोकं.

दुसरं म्हणजे गेलेल्याचा आयडी नवीन माणसाला कधीच देऊ नका, नाव तेच असलं तरी. बडोद्यात हे फार होतं, आमच्या ऑफिसात पटेल किती आहेत विचारू नका, त्यात पहिली अक्षरं पण सारखी. जुन्या के. पटेलांचा आयडी नवीन के. पटेलांना दिला आणि जुन्यांच्या होम लोनची स्टेटमेंट यांच्याकडे यायला लागली तर? नवीन माणसाला मधलं अक्षर लावा, कंटाळवाणं दिसतं पण भांडण होत नाही.

जीआयडीसी_आयटी
ताई हे सॉलिड. डोमेनचं लगेच बघितलं, आधीच्या भाईंच्या पर्सनल आयडीवर आहे, कंपनीच्या पण नाही. फोन केलाय त्यांना, उद्या बदलून देतो म्हणाले, माणूस चांगला आहे.

अजून एक सापडलं. एलियसच्या यादीत सगळ्यात वर एक एंट्री आहे जिच्यात नावच नाही, नुसता ॲट आणि डोमेन, आणि ती एका जुन्या आयडीकडे जाते. त्या मेलबॉक्सात लाखाच्या वर मेल आहेत, जवळजवळ सगळा स्पॅम. हेच कॅच-ऑल ना? सरळ उडवू?

इंदौरी_ॲडमिन
हो, तोच कॅच-ऑल. भिया तो तर पहिले उडवा. डोमेनसमोर काहीही नाव टाकून पाठवलं तरी सर्व्हर घेतो, स्पॅमवाल्यांची तर दिवाळीच. पण उडवायच्या आधी त्या कचऱ्यातून टू वाले पत्ते एकदा गोळा करून बघा, कुठला कुठला पत्ता जास्त वेळा येतोय. बऱ्याचदा काय असतं की जुन्या कॅटलॉगवर किंवा इंडियामार्टच्या लिस्टिंगवर स्पेलिंग चुकलेला पत्ता छापलेला असतो आणि खरी एन्क्वायरी तिथेच येत असते. तेवढ्या दोन-चार पत्त्यांचा एलियस करा आणि मग कॅच-ऑल बंद.

आणि एक सांगतो, एलियसच्या टेबलमध्ये प्रत्येक मेलबॉक्सची स्वतःकडेच जाणारी एक ओळ दिसेल, अमुक आयडी टू अमुक आयडी. बघून वाटतं ही फालतू आहे. हात लावू नका. पोस्टफिक्स आधी एलियस बघतो मग मेलबॉक्स, ती ओळ नसली आणि कॅच-ऑल चालू असला तर त्या माणसाची सगळी मेल कॅच-ऑलमध्ये जाऊन पडते. थेट डेटाबेसमध्ये घुसून सफाई करणारे इथेच अडकतात.

पोस्टमास्टर आणि अब्यूज हे दोन पत्ते पण यादीतून काढू नका, कोणी वापरत नाही असं दिसलं तरी. पोस्टमास्टर तर एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवायच्या, नियमातच लागतो, आणि अब्यूज वगैरे नावं १९९७ च्या आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरलीत. तुमच्याकडून स्पॅम गेला तर समोरचा तिथेच कळवतो. ते तुमच्या स्वतःच्या आयडीकडे वळवून ठेवा.

क्लाउडचं बोलू नका म्हणालात म्हणून बोलत नाही, फक्त एवढंच की ज्या कंपनीत आयडीमागे महिन्याला पैसे मोजावे लागतात तिथे १४३ आयडी कधीच नसतात, शेठ स्वतः यादी घेऊन बसतात. आपल्या सर्व्हरवर आयडी फुकट असतो म्हणून वाढत जातो. दर तीन महिन्यांनी एचआरकडून यादी मागवायची सवय लावा, तेवढंच पुरतं.

जीआयडीसी_आयटी
कॅच-ऑलचं करतो तसं. आता तो सेल्सचा पासवर्ड. आठ जण तोच वापरतात, फोनवर, आउटलुकवर, एक जण घरच्या लॅपटॉपवर. पासवर्ड बदलला की आठ फोन येतात मला.

तात्या_दांडियाबाजार
सेल्सचं लॉगिनच नको, हे त्याचं उत्तर. पुन्हा तेच, पत्ता पाहिजे, लॉगिन नको.

सोपा रस्ता: सेल्स नुसता एलियस करा, आठही जणांना कॉपी. लहान टीमला चालतं. पण एका एन्क्वायरीला दोघं उत्तर देतात किंवा कोणीच देत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने दिलं. आणि पाठवलेली मेल ज्याच्या त्याच्या सेंटमध्ये, माणूस गेला की ते पण गेलं.

दुसरा रस्ता शेअर्ड मेलबॉक्स. सेल्सचा मेलबॉक्स राहतो, त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नसतो, आणि डव्हकॉटच्या एसीएल (कोणाला काय हक्क ते ठरवणाऱ्या) प्लगिनने आठ जणांना त्या मेलबॉक्सात शिरायचा हक्क देता, प्रत्येक जण स्वतःच्या लॉगिनने. त्यांना आपल्या इनबॉक्सखाली सेल्सचा फोल्डर वेगळा दिसतो. नाही दिसला तर फोल्डर सबस्क्राइब करावा लागतो, आउटलुकमध्ये तेवढी एकदा खटपट आहे. एकाने वाचलं की दुसऱ्याला वाचलेलं दिसतं, कारण मेल एकच आहे. वाचायचा हक्क द्या, डिलीटचा फक्त सेल्स मॅनेजरला, एसीएलमध्ये हे वेगवेगळं देता येतं. उद्या एक जण गेला तर त्याची एक ओळ काढायची, बाकी सात जणांना फोन करायची गरज नाही.

पाठवताना मात्र अडतं. ते आपल्या लॉगिनने येणार आणि फ्रॉममध्ये सेल्स टाकणार. आता तुमच्याकडे बहुतेक कोणीही कोणाच्याही नावाने पाठवू शकत असेल, करून बघा, स्वतःच्या लॉगिनने शेठच्या नावाची मेल पाठवा. गेली ना? पोस्टफिक्सला मुद्दाम सांगावं लागतं की कुठल्या लॉगिनला कुठला पत्ता वापरायचा हक्क आहे. सेंडर लॉगिन मॅप नावाची एक क्वेरी असते, तिच्यात सेल्सच्या पत्त्यासमोर आठही लॉगिन, बाकी प्रत्येकाला आपला आपला. आणि ५८७ पोर्टच्या, म्हणजे आपली माणसं मेल पाठवतात त्या दाराच्या, नियमांत "रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच".

एकदम लावू नका पण. त्याच्याआधी "वॉर्न इफ रिजेक्ट" लिहा, म्हणजे अडवत नाही, फक्त लॉगमध्ये ओरडतो. आठवडाभर बघा. तुमचा स्कॅनर, टॅली, ईआरपी, बायोमेट्रिक मशीन, हे सगळे कुठल्यातरी एकाच लॉगिनने भलत्याच नावाने पाठवत असणार, ते सगळे तिथे उघडे पडतात. त्यांना वेगवेगळे आयडी करून द्या, मग वॉर्न काढा. आणि हे ध्यानात ठेवा की हा नियम पाकिटावरचा पत्ता तपासतो, आतल्या पत्रात फ्रॉमच्या ओळीत कोणी शेठचं नाव लिहिलं तर ते याला दिसत नाही, त्याला आरस्पॅमडीसारखं स्पॅम फिल्टर पुढे बसवावं लागतं.

कारेलीबाग_नेटवर्क
सगळं वाचलं, छान चाललंय, पण त्या एक्सेल शीटवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ती आज उडवा आणि तिच्यातले सगळे पासवर्ड फुटले असंच समजा.

दिवाळीत काय होतं तर पाडव्यापासून लाभपाचमपर्यंत (धंदा पुन्हा सुरू करायचा दिवस) जीआयडीसी बंद, ऑफिसात काळं कुत्रं नसतं, आणि स्पॅमवाले नेमके तेव्हाच येतात कारण बघायला कोणी नसतं. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, दोन दिवस सगळे धाब्यावर (गच्चीवर), तेव्हा पण तेच. एका आयडीचा "कंपनीचं नाव ॲट १२३" सापडला की रात्रीत हजारो मेल, सकाळी आयपी स्पॅमहाउसच्या काळ्या यादीत, आणि लाभपाचमला मुहूर्ताची पहिली कोटेशन निघते ती बाउन्स. यातून बाहेर यायला वेळ जातो. जे लॉगिन मेलं आहे पण बंद नाही त्याचंच असं होतं, कारण त्याच्यावर कोणाची नजर नसते.

तर पासवर्ड नवीन द्या पण दर महिन्याला बदला असला जाच लावू नका, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगून टाकलं की ठराविक मुदतीने जबरदस्ती बदलायला लावू नका, लोक शेवटी एक आकडा वाढवतात बस. लांब द्या, फुटल्याचा संशय आला तरच बदला. हॅश, म्हणजे डेटाबेसमधलं पासवर्डचं गुप्त रूप, पण बघा एकदा, जुन्या पोस्टफिक्सॲडमिनमध्ये एमडीफाइव्ह क्रिप्ट असायचा, डेटाबेसमध्ये डॉलर-एक-डॉलरने सुरू होणारी ओळ दिसली तर तोच. नवीन पासवर्ड त्याहून पक्क्या बीक्रिप्टमध्ये ठेवा. जुने आणि नवे दोन्ही शेजारी चालतात, हॅशच्या आधी महिरपी कंसात स्कीमचं नाव असलं की डव्हकॉट आपला आपण ओळखतो, त्यामुळे एका दिवसात सगळ्यांचे बदलायची गरज नाही.

प्रत्येक लॉगिनला ताशी मर्यादा पण लावा. पोस्टफिक्सची स्वतःची जी रेट लिमिट आहे ती आयपीवर मोजते, यूजरवर नाही, आणि चोर शंभर आयपींवरून येतो. आरस्पॅमडीच्या रेटलिमिट मॉड्यूलमध्ये यूजरप्रमाणे लावता येते. साधा क्लार्क तासात किती मेल पाठवेल? त्याच्या थोडं वर ठेवा.

आणि एखादा आयडी फुटलाच तर फक्त पासवर्ड बदलून थांबू नका, त्याच्या सीव्ह स्क्रिप्ट आणि एलियस बघा. हुशार चोर स्पॅम पाठवतच नाही, तो गुपचूप एक फॉरवर्ड लावतो, इन्व्हॉइस किंवा पेमेंट शब्द असलेली मेल बाहेर पाठवतो, आणि योग्य वेळी तुमच्या परदेशी पार्टीला "आमचा बँक अकाउंट बदलला" असं पत्र जातं. एक्स्पोर्टवाल्यांना हे फार महागात पडतं. पासवर्ड बदलला तरी तो फॉरवर्ड तसाच राहतो.

जीआयडीसी_आयटी
फॉरवर्डचं आत्ताच बघितलं, दोन सापडले पण दोन्ही लोकांनी स्वतःच लावलेत, घरच्या जीमेलवर. ते पण काढायला सांगतो. एक्सेल शीट शेअर्ड ड्राइव्हवरून काढली, शेठच्या लॉकरमध्ये प्रिंट राहू द्या म्हणतात, म्हटलं साहेब तो प्रिंट पुढच्या आठवड्यात बिनकामाचा होणार.

लॉगबद्दल, मेलचा लॉग महिन्याभराचाच मिळतोय, त्याच्या मागचं काहीच नाही. तो डिझाईनवाला कधीपासून सिंक करतोय ते शोधायचं होतं.

कारेलीबाग_नेटवर्क
उबंटूचं लॉगरोटेट डिफॉल्टने आठवड्याला एक फाइल फिरवतं आणि चार ठेवतं, म्हणून महिना. वाढवा लगेच. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांनी सिस्टिमचे लॉग १८० दिवसांचे ठेवायचे असं स्पष्ट आहे, आणि मेल सर्व्हरवर हल्ला वगैरे झाला तर कळल्यापासून सहा तासांत कळवायचं. लहान कंपन्यांत हे कोणाला माहीतच नसतं. टेक्स्ट लॉग आहे, दाबून ठेवला की जागा काहीच खात नाही, तुमची डिस्क त्याने भरणार नाही. घड्याळ पण एनटीपीला, म्हणजे नेटवरच्या अचूक वेळेला, लावलेलं आहे का बघा, त्याच आदेशात ते पण आहे, आणि लॉगची वेळ चुकीची असली तर लॉग असून काय उपयोग.

रावपुरावाली
शेठना सांगायला एक सोपं: कंपनी कायद्यात हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायची असतात, आणि हल्ली निम्मी बिलं, पीओ, रेट कन्फर्मेशन मेलवरच असतात. म्हणून अकाउंट्स, पर्चेस, सेल्सवाल्यांचे जुने मेलबॉक्स फेकायचे नाहीत, बाहेर काढून जपून ठेवायचे. "डिलीट" हा शब्दच वापरू नका त्यांच्यासमोर, "आर्काइव्ह" म्हणा, लगेच हो म्हणतील.

जीआयडीसी_आयटी
म्हटलं आणि हो म्हणाले, ताई 😀

तर आर्काइव्ह करताना शेवटचा प्रश्न. मेलडिरचा फोल्डर टारमध्ये (एका फाइलीत) बांधून दोन एक्स्टर्नल डिस्कवर टाकणार, एक ऑफिसात, एक शेठच्या घरी. पण काही जुन्या माणसांचे फोल्डर अगदीच छोटे आहेत, पाच-सात एमबी, आणि ते तर सगळ्यात जास्त मेल करणारे होते. मेल गेली कुठे?

तात्या_दांडियाबाजार
पॉपवर असणार ते. जुन्या आउटलुकमध्ये "सर्व्हरवर कॉपी ठेवा" चा टिक काढलेला असला की मेल सर्व्हरवरून उतरून त्या पीसीवरच्या पीएसटी फाइलमध्ये जाते आणि सर्व्हर रिकामा. त्या माणसांचे पीसी कुठे आहेत ते शोधा, फॉरमॅट करून दुसऱ्याला दिले नसतील अशी आशा. स्टोअरमध्ये जुन्या हार्ड डिस्क पडलेल्या असतात त्या पण तपासा, पीएसटी सापडली तर आउटलुकमध्ये उघडून सर्व्हरवर आयमॅपने परत चढवता येते, मग सगळ्यांबरोबर आर्काइव्ह.

आणि आज जे पॉपवर आहेत त्यांना आधी आयमॅपवर आणा, आर्काइव्हच्या आधी. नाहीतर पुढच्या वर्षी हाच प्रश्न घेऊन याल. आयमॅपवर आणलं की कोटा, म्हणजे मेलबॉक्सच्या जागेची मर्यादा, लागेल, तो प्रत्येकाला लावा, आणि पोस्टफिक्सला डव्हकॉटची कोटा-स्टेटस सर्व्हिस जोडा, म्हणजे मेलबॉक्स भरलेला असेल तर मेल दारातच नाकारली जाते, आत घेऊन मागून बाउन्स पाठवत बसावं लागत नाही. ट्रॅशमधलं तीस दिवसांपेक्षा जुनं आपोआप जायला ऑटो-एक्स्पंज लावा, पण आधी डव्हॲडम सर्चने बघा काय काय उडणार आहे, काही लोक महत्त्वाची मेल ट्रॅशमध्येच सांभाळून ठेवतात, का ते विचारू नका.

जीआयडीसी_आयटी
स्टोअरची किल्ली डिस्पॅचवाल्यांकडे आहे, सोमवारी उघडून बघतो. पॉपवाले लॉगमधून मोजले, अकरा आहेत, त्यात शेठ पण.

इंदौरी_ॲडमिन
शेठ पॉपवर? त्यांचा पीसी आजच बॅकअप घ्या भिया, सोमवारची वाट बघू नका.